नाव घातलेली भांडी

ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे तिथे, १७८७ मध्ये खोदकाम चालू असताना ताम्रपट सापडला. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील अरिकेसरी राजाने शके ९३९ मध्ये, म्हणजे इसवी सन १०१७ साली, दिलेल्या दानाचा तो लेख होता. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्याच खंडात त्याचे भाषांतर छापले. भारतीय कोरीव लेखांच्या आधुनिक अभ्यासाच्या अगदी सुरुवातीच्या काळात ठाण्याच्या या तांब्याला स्थान मिळाले, ही आपल्या गावाची एक विसरलेली मिरवण्याजोगी गोष्ट आहे.

ताम्रपटात काय असते? कोणी दिले, कोणाला दिले, कोणत्या निमित्ताने आणि कोणत्या तिथीला. शेवटी, हे दान जो हिरावून घेईल त्याला शाप.

वर्तकनगरमधल्या एका जुन्या इमारतीतल्या माळ्यावरून उतरवलेली एक घागर मी पाहिली, तेव्हा मला हा ताम्रपट आठवला. गळ्याखाली, बाकदार भागावर, छिन्नीने ठोकून एक ओळ घातलेली होती : 'चि. सौ. कां.', पुढे मुलीचे नाव, 'हिस मामांकडून सप्रेम भेट, वैशाख शु. ५, शके १८६७'. (नाव घरच्यांचे आहे, म्हणून ते इथे छापत नाही.) कोणी दिले, कोणाला, कशासाठी, कधी. फक्त शाप तेवढा नाही. आणि ही घागर त्या दिवशी दुपारी भंगारवाल्याच्या काट्यावर चढणार होती.

वर्तकनगर ही हौसिंग बोर्डाची वसाहत. १९४८ च्या कायद्यातून मुंबई गृहनिर्माण मंडळ निघाले, राज्य झाल्यावर ते महाराष्ट्राचे झाले आणि १९७७ मध्ये म्हाडात विलीन झाले. या मंडळाने मध्यम आणि अल्प उत्पन्नाच्या माणसांसाठी ज्या वसाहती बांधल्या त्यांतली ही एक. पोखरण रस्ता क्रमांक एकच्या आजूबाजूला कारखाने होते. रेमंडची लोकर गिरणी १९२५ ची, सिंघानियांनी ती १९४४ मध्ये घेतली. पलीकडे कॅडबरी. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि वागळे इस्टेट त्याची पहिली वसाहत ठरली. या सगळ्यांकडे कामाला येणारी माणसे कोकणातून, घाटावरून, गिरणगावच्या चाळींतून आली आणि येताना ट्रंकेत, पोत्यात, डोक्यावर भांडी घेऊन आली. लाकडी सामान गावी राहिले, जमीन भावाकडे राहिली, भांडी तेवढी आली. म्हणून वर्तकनगरच्या माळ्यांवर जे साठले ते त्या सदनिकांपेक्षा जुने आहे. आता पुनर्विकास सुरू झाला आहे. दोन-तीन वर्षे भाड्याच्या घरात राहायचे म्हटल्यावर हंडा, घंगाळ, बंब कोण सांभाळणार? माळे रिकामे होतात आणि पितळ किलोवर जाते.

संग्रहाची गोष्ट निघाली की आपल्याकडे पहिले नाव येते ते दिनकर केळकरांचे, आणि ते योग्यच आहे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या, घरचा चष्म्यांचा व्यवसाय असलेल्या या पुणेकराने १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, करंडे, वज्र्या, खेळणी, वाद्ये, वाड्यांचे दरवाजे. लहानपणी गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने १९६२ मध्ये संग्रहालय उभे राहिले, पुढे ते शासनाच्या स्वाधीन केले गेले, आणि आज त्यात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. केळकरांच्या पत्नी कमलाबाईंचा या भटकंतीत मोठा वाटा होता. अहमदाबादच्या विशाला परिसरात सुरेंद्र पटेल यांनी १९८१ मध्ये भांड्यांचेच संग्रहालय काढले. पुण्याच्या विलास करंदीकरांनी भातुकली जमवली आणि ठिकठिकाणी तिची प्रदर्शने भरवली, तिथे आजी आणि नात दोघी सारख्याच रेंगाळतात, हे मी पाहिले आहे.

या सगळ्यांविषयी आदर ठेवून एक तक्रार नोंदवावीशी वाटते. संग्राहकाचा डोळा घाटावर असतो. दिवा सुंदर असला पाहिजे, अडकित्त्याचा मोर नाचता असला पाहिजे. ज्या भांड्याला घाट नाही, फक्त नाव आहे, ते संग्रहात जात नाही. किंबहुना नाव असले तर भांड्याची किंमत कमी होते. जुन्या वस्तूंचे व्यापारी नाव घासून काढतात, कारण शहरी दिवाणखान्यात छत्र्या ठेवायला घागर घेणाऱ्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या कोणाचे तरी नाव नको असते. म्हणजे जे इतिहासाच्या कामाचे तेच पुसले जाते. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे : घाट हजारो भांड्यांचा सारखा असतो, नाव एकाच भांड्यावर असते.

अर्थात भांड्यावरचे प्रत्येक अक्षर आठवण नसते, हे जमवणाऱ्याने आधी शिकून घ्यावे. चाळीत आणि वसाहतीत भांडी फिरत असत. एका घरी लग्न किंवा बारसे असले की मोठी पातेली, पराती, तसराळी चार घरांतून यायची आणि कार्य उरकल्यावर आपापल्या घरी परतायची. ती परतावीत म्हणून आडनाव आणि खोलीचा नंबर घालायचा. 'खो. नं. १४' एवढेच लिहिलेली परात ही मालकीची खूण आहे. मंडळांची आणि देवळांची भांडी असतात त्यांवर संस्थेचे नाव असते. कोणाच्या तरी स्मरणार्थ देवळाला दिलेली समई असते, तिच्यावर 'कै.' असते. लग्नातला आहेर यांहून वेगळा ओळखू येतो : त्यात दोन पक्ष असतात, देणारा आणि घेणारी, आणि मध्ये तारीख असते.

तारखेवरून काळ कळतोच, पण तारीख लिहायची पद्धतही बोलते. जुन्या तांब्या-पितळेवर बहुधा तिथी आणि शक. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतची तिथी असेल तर ७९. म्हणून शके १८६७ चा वैशाख हा १९४५ चा उन्हाळा. पुढे पुढे तिथी मागे पडते आणि 'ता. १२-५-६८' असा व्यवहार सुरू होतो. पंचांगाकडून कॅलेंडरकडे समाज कधी सरकला हे शोधायला ग्रंथालयात जाण्याआधी आपल्या स्वयंपाकघरातली फळी पाहावी.

नाव घालायची पद्धतही बदललेली दिसते. जुनी अक्षरे छोट्या छिन्नीने, हलक्या हातोडीने, टिचक्या मारत पुढे नेलेली असतात. बोट फिरवले की प्रत्येक घाव वेगळा लागतो. नाव घालणारा बहुधा अक्षरावर पैसे घेई, म्हणून 'चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी'चे 'चि. सौ. कां.' होणे भांड्यावर अधिकच सोयीचे पडे. नंतर विजेवर थरथरणारी सुई आली. तिची अक्षरे बारीक, सलग, गोलसर आणि उथळ असतात. घासणीने ती लवकर जातात. छिन्नीची अक्षरे चिंच, राख आणि रांगोळीने साठ वर्षे घासूनही वाचता येतात. (पितळ घासायची पितांबरी ही १९८९ ची आणि ठाण्याचीच, हे ठाणेकरांना सांगायला नको.)

धातूचा क्रम तर प्रत्येक घरात सापडतो. तळाशी तांबे आणि पितळ, आतून कल्हई केलेले. कल्हईवाला भाता लावून भांडे तापवी, नवसागर टाकी, कथलाचा तुकडा फिरवी आणि कापसाच्या बोळ्याने एका फटकाऱ्यात आतली बाजू चांदीसारखी करी. वसाहतीतल्या मुलांचा हा फुकटचा तमाशा होता. नंतर जर्मन सिल्व्हर, ज्यात चांदीचा कणही नसतो, तांबे, जस्त आणि निकेल असते. ॲल्युमिनियमला मात्र आपल्याकडे कित्येक घरांत नुसते 'जर्मन' म्हणत, आणि ते आहेरात कोणी अभिमानाने देत नसे. मग स्टील आले. शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीने १९१३ मध्ये न गंजणारे पोलाद केले, पण मराठी लग्नात ते १९६० च्या आसपास शिरले. सुरुवातीला पत्रा परदेशातून येई, म्हणून स्टीलचा डबा ही चैनीची वस्तू होती. सेलमच्या सरकारी कारखान्यातून पत्रा निघू लागला तो १९८० नंतर. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचे छोटे छोटे कारखाने दाटीने उभे राहिले आणि जांभळी नाक्याच्या बाजारात स्टीलची उतरंड दुकानाबाहेर येऊन बसली. याच काळात पितळी हंडे मोडीत घालून स्टीलचे पिंप घेणे हे प्रगतीचे लक्षण मानले गेले. नळ घरात आल्यावर घागर कमरेवर घ्यायची वेळच उरली नव्हती. त्या पिढीला दोष देण्यात अर्थ नाही. दर आठवड्याला पितळ घासणारे हात त्यांचे होते, आपले नव्हते.

आता त्या १९४५ च्या घागरीकडे परत येऊ. ती तांब्याची आहे आणि ही गोष्ट साधी नाही. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची इतकी टंचाई होती की १९४३ मध्ये सरकारने पैशाच्या नाण्याला मधोमध भोक पाडले. तो भोकाचा पैसा आपल्यापैकी अनेकांच्या घरी डबीत सापडेल. अशा दिवसांत एका मामाने भाचीला तांब्याची घागर दिली. आहेराच्या वहीत ती 'घागर १' एवढीच नोंदली गेली असेल. या वह्यांविषयी एक वाक्य लिहायलाच हवे : त्या आहेराची परतफेड करता यावी म्हणून ठेवलेल्या असत आणि त्यांत देणाऱ्या घरातल्या कर्त्या पुरुषाचे नाव असे. जिच्यासाठी आहेर आला तिचे नाव फार तर मुखपृष्ठावर.

घागरीवरचे मुलीचे नाव त्या घरातल्या कोणालाच ओळखू येईना. आजीचे नाव वेगळे. रेशनकार्डावर वेगळे, घराच्या कागदपत्रांत वेगळे, तिच्या फोटोखाली वेगळे. कोणाची तरी घागर चुकून आपल्याकडे आली असेल असा निष्कर्ष काढून ती भंगाराच्या ढिगात ठेवली होती. मी विचारले, 'आजींचं माहेरचं नाव काय?' कोणाला ठाऊक नव्हते. शेवटी नाशिकच्या एका नव्वदीतल्या आत्याबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, 'अगं, तेच की तिचं नाव. लग्नात बदललं.'

ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहायचे आणि जुने विसरायचे, ही रीत आपल्याला इतकी परिचयाची आहे की तिचा कागदोपत्री परिणाम आपल्या लक्षात येत नाही. त्या पिढीतल्या असंख्य मुलींचा जन्म नोंदला गेलेला नाही, शाळा चौथीच्या पुढे नाही, विवाहाची नोंदणी नाही. सासरी आल्यावर जे कागद झाले ते नव्या नावाने झाले. माहेरच्या नावाने तिचा लेखी पुरावा उरला असेल तर तो पत्रिकेवर, आणि पत्रिका वाळवी खाते. किंवा भांड्यावर. लग्नापूर्वी दुकानात नाव घालून आणलेला आहेर असल्यामुळे त्यावर जुने नाव राहून गेले. सत्त्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात ते नाव इतर कुठेही लिहिले गेले नव्हते, निदान त्या घरात तरी नाही.

म्हणून भांड्याचा प्रश्न हा नुसता आठवणींचा नाही, हक्काचाही आहे. मनुस्मृतीने स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले आहेत : अग्नीसमोर दिलेले, सासरी निघताना दिलेले, प्रीतीने दिलेले, आणि भाऊ, आई, वडील यांच्याकडून मिळालेले. याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या 'मिताक्षरा' या टीकेत विज्ञानेश्वराने ही व्याख्या बरीच रुंद केली. तो कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाला होता. आमच्याकडची मंडळी हे वाचून सुखावतात, पण ते कल्याणी म्हणजे बिदरजवळचे बसवकल्याण, आपले खाडीकाठचे कल्याण नव्हे. शास्त्रात हक्क होता, पण व्यवहारात सुनेची भांडी सासूच्या कुलपात असत आणि अडचण आली की सावकाराकडे आधी तीच जात. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला आणि लांबत गेला, तेव्हा मुंबई-ठाण्यातल्या किती घरांतली पितळ गहाण पडली आणि सुटली नाहीत, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. जी सुटली नाहीत त्यांवरची नावेही भट्टीत गेली.

कायद्याला ही गोष्ट कळायला वेळ लागला. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. पण वस्तू कोणाच्या, हा वाद कोर्टात गेला की बाईजवळ पुरावा नसे. मार्च १९८५ मध्ये प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की स्त्रीधन हे पत्नीचेच, सासरच्यांकडे ते केवळ विश्वासाने ठेवलेले असते आणि परत न देणे हा गुन्हा ठरू शकतो. त्याच वर्षी २ ऑक्टोबरपासून नवे नियम आले : लग्नात मिळालेल्या भेटींची यादी करायची, वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहायचे, वधू-वरांनी सह्या करायच्या. अशी यादी केलेले एकही लग्न मी आजवर पाहिलेले नाही. पण त्या यादीचे रकाने नीट पाहा. वस्तू, देणारा, नाते. किंमत सोडली तर हे सगळे मामाने १९४५ मध्येच छिन्नीने लिहवून घेतले होते. नवऱ्याच्या घरी जाणारी वस्तू कोणाची हे सगळ्यांना दिसावे, हा हेतू त्यामागे नसेल असे मला वाटत नाही.

उलट बाजूही आहे. सगळीच भांडी मायेने दिलेली नसतात. मानपानाच्या यादीत मागून घेतलेली भांडी असतात, ती पुरवताना कर्ज काढलेले बाप असतात. 'सप्रेम भेट' हे शब्द दोन्हींवर सारखेच कोरले जातात. भांडे वाचताना ही सावधगिरी ठेवावी लागते, आणि घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला विचारल्याशिवाय खरे काय ते कळत नाही.

रुखवतातली इतर चीजवस्तू – सावंतवाडीची लाकडी फळे, मण्यांची तोरणे, क्रोशाचे रुमाल, पितळी भातुकली – हिचा स्वतंत्र लेख होईल. तिच्यावर नावे नसतात, म्हणून या लेखापुरती ती बाजूला ठेवतो. मुंडावळ्या आणि अंतरपाट मात्र काही घरांनी तीन-तीन पिढ्या वापरले आहेत, त्यांवर हळदीच्या डागाखेरीज काहीच लिहिलेले नसते. १९९० नंतर आहेर रंगीत कागदात गुंडाळला गेला. लेमन सेट, भिंतीवरचे घड्याळ, थर्मास. नाव चिकटवलेल्या चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी त्याच रात्री केरात. मग पाकिटे आली, वर एक रुपयाचे नाणे चिकटवलेली. आता पत्रिकेतच 'कृपया आहेर आणू नये' असे छापतात. सोय झाली हे खरेच. पुढच्या शतकात आजच्या लग्नांविषयी लिहिणाऱ्याच्या हाती फोटो लाखो लागतील, पण कोणी काय दिले हे सांगणारी वस्तू फारशी लागणार नाही.

जुन्या वस्तूंना संरक्षण देणारा आपला कायदा १९७२ चा. त्याप्रमाणे वस्तू पुरावशेष ठरायला ती किमान १०० वर्षांची असावी लागते, हस्तलिखित किंवा ऐतिहासिक मोलाचा लेख असेल तर ७५ वर्षे पुरतात. १९४५ ची घागर भांडे म्हणून या कायद्यात बसत नाही. लेख म्हणून मात्र तिची पंचाहत्तरी २०२० मध्येच उलटली. कायद्याचा असा अर्थ कोणी वकील लावणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्यांच्या हातात छिन्नी होती त्यांना तो पटला असता.

तोवर करायचे काम अगदी साधे आहे. भांडी सांभाळायला जागा नसेल तर सांभाळू नयेत. देण्यापूर्वी मात्र नाव वाचावे. अक्षरे पुसट असतील तर भांडे तिरके धरून बाजूने विजेरीचा झोत टाकावा किंवा पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी घासावी, लेख उमटतो. घासूनपुसून लखलखीत करायचा मोह आवरावा. फोटो काढावा, वजन आणि धातू लिहावा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला फोन करावा, उद्या नव्हे, त्याच दिवशी. वसाहतीतल्या भंगारवाल्याशी ओळख केली तर तो काट्यावर ठेवण्याआधी पाच मिनिटे देतो. मी ज्याच्याकडे जातो तो आता नाव असलेली भांडी वेगळी काढून ठेवतो आणि मी वही उघडली की चहा सांगतो. वहीत या दिवाळीपर्यंत दोनशे अकरा लेख झाले. त्यांतले एकशे चाळीस स्त्रियांच्या नावाचे.

घागर त्या घराने ठेवली. भाड्याच्या घरात तिला जागा नव्हती, म्हणून ती सध्या धाकट्या नातीकडे डोंबिवलीला आहे. तिच्याबरोबर त्याच पोत्यात एक वाटी होती, पितळेची, तळाला भेग गेलेली. तिच्यावर तारीख नाही, देणाऱ्याचे नाव नाही, फक्त एक स्त्रीचे नाव आणि पुढे 'हिची'. आत्याबाईंनाही ते आठवले नाही. वाटी माझ्याकडे आहे.